दुधाच्या पावतीवरची माहिती कोणाच्या कामाची?

करवीरवासी :
गावोगावच्या दूध संस्थांकडे आणि साखर कारखान्यांकडे साठलेली माहिती म्हणजे पडून राहिलेली संपत्ती असून ती कंपन्यांना विकल्यास संस्था श्रीमंत होतील, असे काल येथे एका सदस्यांनी लिहिले. ते वाचून स्वस्थ बसवेना, म्हणून सविस्तर लिहितो. आमच्या घरी एकच म्हैस होती. आई दोन्ही वेळा दूध संस्थेत घालायची आणि पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातील फॅट सोडून इतर घन घटक), दर व रक्कम छापून यायची. गेल्या उन्हाळ्यात आठवडाभर दूध आणि एसएनएफ रोज थोडे थोडे घसरत गेले. आई त्याचा दोष वैरणीला देत राहिली. कास सुजून कडक झाली तेव्हा दगडी (कासेची सूज आणणारा आजार) झाल्याचे कळले, आणि तोवर एक सड कायमचा गेला होता. ही घसरण संस्थेच्या संगणकात चौदा वेळा नोंदली गेली होती. तिसऱ्या दिवशी फोनवर एक ओळ आली असती, तर डॉक्टर वेळेत आले असते. ज्याच्या गोठ्यातून माहिती येते, त्याच्या गोठ्यात ती आधी परत गेली पाहिजे. विक्रीचा विचार त्यानंतर करावा.

उद्यमनगरकर :
आपल्या आईंचे नुकसान झाले याचे वाईट वाटते, परंतु ती एक ओळ पाठवणारी यंत्रणा उभी करायला पैसा कोण घालणार? माझी लहान फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना आहे. रिजेक्शनच्या, म्हणजे नापास झालेल्या नगांच्या नोंदी आमच्याकडे दहा वर्षे वहीत होत्या आणि त्या वह्यांचा कोणालाही उपयोग नव्हता. ग्राहक कंपनीने अट घातली म्हणून आम्ही त्या हीट नंबरनुसार (धातूच्या प्रत्येक वितळणीचा क्रमांक) संगणकावर घेतल्या, आणि ब्लोहोल (वायूमुळे होणारी पोकळी) पडलेले बहुतेक नग पावसाळ्यात, सकाळच्या पहिल्या साच्यांत ओतलेले होते हे तेव्हा कुठे दिसले. आता वाळूतील ओलावा तपासल्याशिवाय ओतकाम सुरू होत नाही. मागणारा आणि मोजणारा ग्राहक असल्याशिवाय माहितीला किंमत येत नाही, हा माझा अनुभव आहे.

कागलचा ऊस उत्पादक :
मोजण्याचा विषय निघालाच आहे, तर उसाचेही ऐका. लागणीची तारीख, जात, गट नंबर, तोड, वजन हे सगळे कारखान्याकडे असते. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) धरून ठरते आणि पैसे १४ दिवसांत द्यावेत असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पण उतारा धरला जातो तो साऱ्या कारखान्याचा सरासरी. माझ्या रानातल्या ८६०३२ जातीच्या उसाला काय उतारा पडला, हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही. गेल्या हंगामात माझी तोड दीड महिना लांबली, उसाला तुरे आले, आणि कारखान्याच्या काट्यावर माझी ट्रॉली बाहेरच्या काट्यापेक्षा कमी भरली. नोंदवहीत माझी तारीख आधीची असताना शेजाऱ्याचा फड आधी कसा तुटला, याचे उत्तर त्याच संगणकात आहे.

उद्यमनगरकर :
प्रत्येक चर्चा उसाच्या फडात नेऊन सोडायची ही सवय आता पुरे करावी. काटामारीचा विषय वेगळा आहे.

कागलचा ऊस उत्पादक :
वेगळा अजिबात नाही, साहेब. आपल्या फाउंड्रीत वही आपली, काटा आपला आणि फायदाही आपला. आमचा ऊस आमचा, पण काटा आणि वही दुसऱ्याची. आपल्याला ब्लोहोलचे कारण सापडले, कारण वही उघडण्याचा अधिकार आपल्या हातात होता. आम्ही वही मागितली, की आम्हाला भांडखोर म्हणतात.

पंचगंगाकाठ :
दोघांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. पंचगंगा नदीच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे कोल्हापुरात शाळकरी पोरही सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. त्याआधीच्या प्रत्येक पुरात वडिलांनी आमच्या जिन्याच्या भिंतीवर, बंधाऱ्यावर किती फूट असताना कोणत्या पायरीला पाणी लागले, याच्या खुणा खिळ्याने कोरून ठेवल्या होत्या. रेडिओवर आकडा आला, की गल्लीतली माणसे आमच्या जिन्यापाशी जमत आणि कोणाचे धान्य कधी हलवायचे ते ठरत असे. सरकारी आकडा सगळ्यांना मोकळा होता म्हणूनच त्या खुणांना अर्थ आला. त्यात कोणी ग्राहक नव्हता आणि कोणाला एक रुपयाही मिळाला नाही. पण २०१९ ला आमच्या गल्लीतले एकही जनावर दावणीला बुडाले नाही.

उद्यमनगरकर :
पुराचा आकडा आणि व्यवसायाची नोंद यांत फरक आहे, हे माझे म्हणणे मी सोडत नाही. मात्र वही उघडण्याच्या अधिकाराबद्दल कागलकरांचे म्हणणे मला मान्य करावे लागेल. आमच्या पुरवठादारानेही वाळूच्या चाचणीचे आकडे दोन वर्षे आम्हाला दिले नव्हते, आणि त्याचा संताप मला आजही येतो.

करवीरवासी :
२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती ज्या कारणासाठी घेतली, त्याच कारणापुरती माहिती वापरण्याचे बंधन घातले आहे. आईने संमती दुधाचा हिशेब करण्यासाठी दिली, तिच्या गोठ्याची माहिती विकण्यासाठी दिलेली नाही. संस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस लागली, की सलग तीन दिवस घसरण दिसल्यास सभासदाला कळवावे, असा ठराव मी मांडणार आहे. त्या आठवड्याच्या चौदाही पावत्या आईने डब्यात जपून ठेवल्या आहेत. त्या सोबत नेईन.