शेतात रात्री पाणी देण्यासाठी लांब पल्ल्याचा सर्चलाइट घ्यायचा आहे

पूर्णाकाठ (ता. जिंतूर):

सर्वांना नमस्कार. येलदरी धरणाच्या खालच्या अंगाला, पूर्णेकडे उतरत जाणाऱ्या पट्ट्यात आमचे शेत आहे. सध्या उसाला आणि हरभऱ्याला पाणी चालू आहे. थ्री फेज लाइट आठवडाआड रात्रीची असते, त्यामुळे मध्यरात्री मोटर सुरू करणे, दारे धरणे (पाणी सरीसरीत वळवणे) आणि पहाटेपर्यंत शिवारात थांबणे हे वडिलांना आणि मला आलटून पालटून करावेच लागते. आखाड्यापासून (शेतातील राहत्या शेडपासून) शेताचे दुसरे टोक सुमारे ४०० मीटरवर आहे. रानडुकरांचा आणि रोह्यांचा (नीलगायींचा) त्रास वाढला असून, त्या टोकाला काय चालले आहे हे इकडूनच दिसावे, ही माझी मुख्य गरज आहे.

जुना, शिशाच्या बॅटरीचा सर्चलाइट आता चार्ज धरत नाही. परभणीच्या बाजारात चौकशी केली तेव्हा एकाने दहा हजार लुमेन सांगितले, दुसऱ्याने एक लाख, आणि किमती मात्र जवळपास सारख्याच होत्या. हे आकडे कसे पडताळावेत? चिखलात पडला किंवा पावसात भिजला तरी टिकेल असा सर्चलाइट कसा ओळखावा? आणि जनावरांवर असा झोत टाकण्यास कायद्याची काही आडकाठी आहे का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

दुरुस्ती-केंद्र (लातूर):

दादा, आपण सर्वप्रथम लुमेनचा आकडा बाजूला ठेवावा. लुमेन म्हणजे दिव्यातून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो प्रकाश किती लांब पोहोचेल हे त्यावरून कळत नाही. लांबचे दिसण्यासाठी झोताची तीव्रता लागते आणि ती कॅन्डेलामध्ये मोजतात. एकच एलईडी लहान, उथळ परावर्तकात बसवली तर अंगणभर उजेड पडतो आणि रुंद, खोल परावर्तकात बसवली तर तोच प्रकाश एकवटून शेताच्या टोकापर्यंत जातो, म्हणून सर्चलाइटचे तोंड मोठे असते.

टॉर्चच्या मोजमापासाठी एफएल-१ नावाचे एक प्रमाण आहे आणि चांगले उत्पादक त्यानुसारच आकडे छापतात. त्यात पल्ला म्हणजे ज्या अंतरावर प्रकाश पाव लक्सपर्यंत उतरतो ते अंतर. पाव लक्स म्हणजे निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. कॅन्डेलाच्या आकड्याचे वर्गमूळ काढून दुप्पट केले की हा पल्ला मीटरमध्ये मिळतो. एक लाख कॅन्डेलाचा पल्ला सुमारे ६३२ मीटर येतो. परंतु एवढ्या उजेडात, चारशे मीटरवर, हरभऱ्यात उभे असलेले काळसर डुक्कर ओळखता येणार नाही. अंतर निम्मे झाले की प्रकाश चौपट होतो, म्हणून छापील पल्ल्याच्या निम्म्या अंतरापर्यंतच नीट दिसेल असे धरून चालावे. आपल्याला ४०० मीटरवर पाहायचे असेल तर छापील पल्ला ८०० मीटर, म्हणजेच सुमारे १,६०,००० कॅन्डेला, यापेक्षा कमी घेऊ नये.

आता एक लाख लुमेनविषयी. एलईडी, तिचे सर्किट आणि उष्णतेमुळे होणारी घट हे सर्व धरून एका वॅटमागे साधारण १०० लुमेन मिळतात. म्हणजे एक लाख लुमेनसाठी एक हजार वॅट लागतील, घरातील इस्त्री घेते तेवढी वीज. हातात मावणाऱ्या सर्चलाइटमध्ये २१७०० आकाराचे दोन उत्तम सेल असले तरी त्यांत मिळून सुमारे ३६ वॅट-तास ऊर्जा असते. ती हजार वॅटला दोन मिनिटे जेमतेम पुरेल. याउलट खऱ्या १,५०० लुमेनला १५ वॅट लागतात आणि तेच सेल दोन तासांहून अधिक चालतात. हा हिशेब दुकानातच कागदावर करून पाहता येतो आणि त्यापुढे खोटा आकडा टिकत नाही.

सेलवरील आकडाही असाच तपासावा. १८६५० आकाराच्या सेलची खरी क्षमता ३,५०० मिलीअँपिअर-तासांच्या आसपास असते. ज्यावर ९,९०० छापलेले असते तो सेल खोटा असतो. अस्सल सेलचे वजन ४५ ते ५० ग्रॅम भरते आणि बनावट सेल बहुधा त्याहून बराच हलका लागतो, तेव्हा सोनाराच्या काट्यावर खात्री करून घेण्यात संकोच करू नये. शिवाय सेल बाहेर काढता येणारा सर्चलाइटच घ्यावा. सेल कायमचा आत बसवलेला असला तर तो संपल्यावर पूर्ण सर्चलाइट टाकून देण्याची वेळ येते, आणि चांगल्या परावर्तकाचे असे सर्चलाइट वाया जाताना पाहून फार वाईट वाटते.

मजबुतीसाठी खोक्यावर आयपी ६७ असे लिहिलेले पाहावे. त्यातील ६ हा आकडा धूळ आत न जाण्याचा आणि ७ हा एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याचा. आयपीएक्स ७ असे लिहिले असेल तर धुळीची चाचणी सांगितलेली नाही असे समजावे. काळ्या मातीच्या रानात धुळीचाही विचार पाण्याइतकाच करावा लागतो. उंचीवरून पडण्याची चाचणी किमान एक मीटरची असावी.

गौताळा परिसर (ता. कन्नड):

पूर्णाकाठ भाऊ, वरील माहिती अगदी योग्य आहे. मी फक्त रानातील वापराविषयी लिहिते. आमच्या गावाच्या वर गौताळा अभयारण्याचा डोंगर आहे आणि बिबट्याचा वावर आम्हाला नवा नाही. बिबट्या, रोही, काळवीट, कोल्हा यांच्या डोळ्यांच्या मागे प्रकाश परतवणारा पडदा असतो, त्यामुळे झोत पडताच त्यांचे डोळे लांबूनही चमकतात. रानडुकराच्या डोळ्यांत तो पडदा नसतो. म्हणून डोळे चमकले नाहीत याचा अर्थ पिकात कोणी नाही असा घेऊ नये. डुकरासाठी झोत एका जागी स्थिर धरून पिकाची हालचाल पाहावी लागते.

माझे दुसरे सांगणे अधिक कळकळीचे आहे. लांब पल्ल्याचा झोत घेऊन बांधावरून चालू नये. त्याने शेताचे टोक दिसते, परंतु डोळे त्या प्रखर उजेडाला सरावतात आणि पायाजवळ काळोखच राहतो. घोणस, नाग, मण्यार आणि फुरसे हे आपल्याकडील चारही प्रमुख विषारी साप पायाजवळच भेटतात. वडील रात्री एकटे जात असतील तर त्यांच्या कपाळावर पसरट उजेडाचा लहान हेडलॅम्प आणि पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट असावेत. या दोन वस्तू सर्चलाइटच्या आधी घ्याव्यात असे मी म्हणेन. दुर्दैवाने दंश झालाच तर वेळ न दवडता १०८ क्रमांकावर फोन करून प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात जावे.

कायद्याविषयी: सर्चलाइट बाळगण्यास परवाना लागत नाही आणि आपल्या पिकाची राखण करताना उजेड टाकणे हा गुन्हा नाही. मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी आहे आणि रात्री झोत टाकून जनावराला दिपवणे ही शिकाऱ्यांची जुनी पद्धत असल्यामुळे, वनहद्दीत सर्चलाइट घेऊन फिरणाऱ्याची चौकशी होणारच. बिबट्या दिसल्यास झोत घेऊन त्याच्या मागे जाऊ नये, त्याला निघून जाण्यास वाट ठेवावी, वाकून बसू नये, मोठ्याने बोलत राहावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. आमच्या घाटाच्या रस्त्यावर काही तरुण समोरून येणाऱ्या वाहनांवर असे झोत टाकतात. त्यातून जीवघेणे अपघात होऊ शकतात, म्हणून मुलांच्या हाती सर्चलाइट देताना ही ताकीद अवश्य द्यावी.

सीनाकाठ (ता. परंडा):

२०२५ च्या सप्टेंबरमधील महापुराने आमच्या भागात जे केले त्यानंतर एवढेच सुचवितो की, सर्चलाइटला मनगटात अडकवण्याची मजबूत दोरी असावी, कारण जलरोधक असलेला जड सर्चलाइट पाण्यात टिकतो खरा, परंतु हातातून सुटला की थेट तळाशी जातो.

निवृत्त तारतंत्री (जि. बीड):

शेतकरी बांधवांनी सर्चलाइटचा एक उपयोग नेहमीचा करावा अशी माझी विनंती आहे. रात्री लाइट आल्यावर सरळ मोटरकडे जाऊ नये. आधी आखाड्यावरूनच झोत टाकून डीपीपासून (रोहित्रापासून) विहिरीपर्यंतचे सर्व खांब आणि तारा क्रमाने पाहून घ्याव्यात. वाऱ्याने किंवा फांदी पडून तुटलेली तार ओल्या रानात पडलेली असते, पिकात ती जवळून दिसत नाही आणि तिच्याभोवतीच्या ओल्या जमिनीतही वीज उतरलेली असू शकते. खांबांमधील एखाद्या गाळ्यात तार कमी दिसली किंवा खाली लोंबत असली तर शेतात पाऊल टाकू नये, जनावरे सोडू नयेत आणि १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तारा चारशे मीटरवरून दिसणे अवघड आहे, त्यामुळे थोडे पुढे जाऊन, कोरड्या वाटेवर उभे राहून, एकेका गाळ्यावर झोत फिरवावा. खांबावर तार ज्यांवर बांधलेली असते ती चिनी मातीची भांडी उजेडात पांढरी चमकतात, त्यांच्यापासून सुरुवात केली की तार शोधणे सोपे जाते.

पूर्णाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. तारांची ही बाब माझ्या विचारातच नव्हती. हेडलॅम्प आणि गमबूट या आठवड्यातच घेतो. आता एकच शंका उरली आहे: आमच्या आखाड्यावर पत्र्याचे शेड आहे आणि उन्हाळ्यात ते भट्टीसारखे तापते. लिथियमचे सेल तेथे टिकतील का, की पुन्हा शिशाच्या बॅटरीचाच सर्चलाइट घ्यावा?

दुरुस्ती-केंद्र (लातूर):

लिथियमच घ्यावा, परंतु तो शेडमध्ये ठेवू नये. ४५ अंशांच्या वर लिथियमचे सेल चार्ज करणे टाळावे आणि एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली तापमान सहज त्यापुढे जाते. म्हणून चार्जिंग घरी, पहाटे किंवा रात्री करावे. रब्बी संपल्यावर सर्चलाइटला दीर्घ विश्रांती मिळणार असेल तर सेल अर्धे चार्ज करून, बाहेर काढून, घरातील सर्वांत थंड खोलीत ठेवावेत. शिशाच्या बॅटरीचे नेमके उलटे असते: ती रिकामी राहिली की आतील पत्रे कायमचे खराब होतात, आणि आपल्या जुन्या सर्चलाइटचे बहुधा तेच झाले असावे. त्यातील ६ व्होल्ट, ४ अँपिअर-तासांची बॅटरी स्वतंत्र मिळते. बाकीचा सर्चलाइट धड असेल तर ती बदलून तो आखाड्यावर राखीव ठेवता येईल. फक्त दर दोन महिन्यांनी तो पूर्ण चार्ज करावा लागेल.

खरेदीपूर्वी आणखी एक गोष्ट पाहावी. खोक्यावर आठ तास लिहिलेले असते, परंतु त्या मोजमापात प्रकाश सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. म्हणून पूर्ण तेजावर सर्चलाइट दुकानात पंधरा मिनिटे सलग लावून ठेवावा, तेवढ्या वेळात तो किती मंद होतो आणि अंग किती तापते ते पाहावे, आणि मगच पैसे द्यावेत.