लॉनचे सेंद्रिय खत सारखे पसरत नाही आणि टिकतही नाही – मदत हवी आहे

घरापुढे साधारण 50 चौरस मीटरचे लॉन आहे. रासायनिक खताने एकदा गवत करपले, तेव्हापासून मी दाणेदार सेंद्रिय खत वापरतो. गोणीवर नत्र 5 टक्के असे छापलेले आहे. मागच्या खेपेस ते हाताने फेकले आणि महिन्याभराने पाहतो तो, मी ज्या ज्या ओळीने चाललो तेथे गडद हिरवे पट्टे उमटले होते, मधले गवत मात्र होते तसेच फिकट. फिकट भागावर पुन्हा खत टाकावे का?

दुसरी अडचण उरलेल्या खताची आहे. अर्धी गोणी तोंड दुमडून फरशीवर ठेवली होती. काल उघडली तर तळाशी मुठीएवढे गठ्ठे, त्यांवर पांढरी बुरशी आणि कुबट वास. शिवाय एका कोपऱ्याला उंदराने भोक पाडलेले. गोणीवर ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’ एवढीच सूचना आहे. तशी जागा घरात असती, तर मीच तेथे जाऊन बसलो असतो! हे खत आता वापरता येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

फिकट भागावर घाईने पुन्हा खत टाकू नका. सेंद्रिय खतातील बहुतेक नत्र जिवाणूंनी मोकळे केल्याशिवाय मुळांना मिळत नाही, त्यामुळे परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि माती थंड असेल तर त्याहूनही उशीर होतो. एका वेळी 100 चौरस मीटरला साधारण अर्धा किलो नत्र पुरते. तुमच्या खताच्या हिशेबाने 50 चौरस मीटरला 5 किलो झाले. ते आधीच तोलून अडीच-अडीच किलोचे दोन भाग करावेत, पहिला लांबीच्या दिशेने चालत आणि दुसरा आडवे चालत टाकावा, म्हणजे पहिल्या फेरीत सुटलेली जागा दुसरीत भरून निघते. नंतर पात्यांवर अडकलेले दाणे खाली उतरतील इतके पाणी झारीने द्यावे. मुसळधार पावसाच्या तोंडावर खत टाकणे टाळावे, कारण ते गवतात न राहता गटारात जाते.

बुरशीने खत वाया गेलेले नाही. जे काम मातीत व्हायचे ते ओल लागल्याने गोणीतच सुरू झाले, इतकेच. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास येत असेल, तर मात्र नत्र उडून चालले आहे असे समजावे. नाकावर मास्क बांधून गठ्ठे फोडावेत, खत सावलीत पातळ पसरून पूर्ण वाळवावे, मग चाळावे आणि न फुटणारी ढेकळे कंपोस्टच्या ढिगात टाकावीत. वाळल्यावर ते घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात भरून, पिंप विटांवर फळी टाकून ठेवावे. प्लॅस्टिक उंदीर कुरतडतात. ओलसर असतानाच झाकण लावले, तर पिंपातही हेच होईल.

जवळ गांडूळखतही असेल तर त्याला हा नियम लावू नका. त्याला थोडी ओल आणि हवा लागते, म्हणून ते तागाच्या पोत्यात सावलीत ठेवावे.