एजंटानं एरियाची खरी माहिती उघड लिहून टाकावी का? (सांगली-मिरज)

विश्रामबागकर
आपल्याकडं सध्या ज्याच्या हातात मोबाईल तो एजंट झालाय आणि सगळ्यांचं मार्केटिंग एकाच छापाचं. व्हॉट्सॲपला स्टेटस टाकायचा, 'अर्जंट विकणे आहे, प्राईम लोकेशन, टायटल क्लिअर', खाली दोन नंबर. भाव लिहायचा नाही, कार्पेट एरिया लिहायचा नाही, फोटो उभा आणि त्यात गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल. मी स्वतः याच धंद्यात आहे म्हणून बोलतोय.

माझं म्हणणं असं की एजंटानं मराठीत ब्लॉग लिहावा, एकेका एरियावर एकेक लेख, आणि त्यात खरं ते लिहावं. 2019 च्या ऑगस्टला पुराचं पाणी कुठल्या गल्लीपर्यंत आलं, 2021 ला कुठपर्यंत, पावसाळ्यात ड्रेनेज तुंबतं का, महापालिकेचं पाणी किती वाजता येतं, रात्री मिरज स्टेशनवरनं रिक्षा मिळते का. शामरावनगरवर लिहिलं तर तिथं पाणी साचतं हे पण लिहायचं. मी लिहायला लागल्यापासनं फोन कमी येतात हे कबूल, पण जो येतो तो सगळं वाचून आलेला असतो, त्याला साईट दाखवताना पेट्रोल वाया जात नाही.

तुमचं मत काय? विरोधी असलं तरी चालेल, उलट तेच पाहिजे.

जुना_खेळाडू_मिरज
विरोधीच आहे भावा. आधी एक सांग, तुला पैसे कोण देतं? प्लॉटचा मालक देतो ना? मग त्याच्याच एरियाची बोंब तू जगभर मारणार आणि वर त्याच्याकडनं दोन टक्के मागणार? मी या धंद्यात केस पांढरे केले. उद्या तू लिहिलंस की अमुक कॉलनीत कमरेएवढं पाणी होतं, तर परवा सकाळी त्या कॉलनीतली दहा माणसं तुझ्या दारात उभी राहणार, आमचे भाव पाडतोस म्हणून. तेव्हा तुझा ब्लॉग येणार नाही सोडवायला.

आणि वाचतंय कोण रे? आपल्याकडं सौदा ठरतो रजिस्टर ऑफिसच्या बाहेरच्या चहाच्या गाड्यावर, तलाठ्याच्या कचेरीत, नाहीतर पाहुण्यांच्या लग्नात. माणूस बघून इसार देतात लोक, लेख बघून नाही.

पुण्यात_अडकलेला_तासगावकर
मी वाचतो की काका. आम्ही दोघं भाऊ पुण्यात, आई-वडलांसाठी सांगलीत तळमजल्यावरचा फ्लॅट बघतोय कारण वडलांचे गुडघे गेलेत. आता आम्ही काय चहाच्या गाड्यावर येऊन बसणार आहे का? रात्री जेवणं झाली की मोबाईलवर शोधतो आणि मिळतं काय तर तेच प्राईम लोकेशन. एका एजंटला फोनवर सरळ विचारलं, पुराचं पाणी येतं का, तर म्हणाला "छे हो साहेब, इथं कधीच नाही." रविवारी एसटीनं आलो, बिल्डिंग नवीन रंगवलेली, चकाचक, आणि पार्किंगमध्ये बघतो तर लाईटचे सगळे मीटर माझ्या डोक्याच्या वर लावलेले, खाली भिंतीत जुन्या मीटर बोर्डाची भोकं सिमेंटनं बुजवलेली दिसतायत. शेजारच्या किराणावाल्याला विचारलं तर त्यानं हात छातीला लावून दाखवला. एक सुट्टी गेली, वडलांना गाडीत घालून आणलं होतं ते वेगळंच. तो एजंट आधीच खरं बोलला असता तर मी त्यालाच म्हणलो असतो, बाबा दुसरं काहीतरी उंचावरचं दाखव. आता त्याचा नंबर ब्लॉक आहे.

जुना_खेळाडू_मिरज
खोटं बोलायचं असं मी कुठं म्हणलं? समोरच्यानं विचारलं की खरं सांगायचं, पण दारात बोलावून, तोंडावर. न विचारता पाटी लावून कशाला सांगायचं?

ड्रोनवाला_सांगली
दोघांचं पण चुकतंय माझ्या मते 😀 लेख कुणी वाचत नाही आणि चहाच्या गाड्यावर आता पोरं येत नाहीत. रील टाका. धामणी रोडच्या एका लेआउटवर सकाळी ड्रोन उडवला, मागं जरा म्युझिक, वर भाव टाकला, संध्याकाळपर्यंत इनबॉक्स फुल. माणसाला वाचायला वेळ नाही दादा, तीस सेकंदात काय ते दाखवा.

विश्रामबागकर
ड्रोनवाले भाऊ, इनबॉक्स फुल झाला त्यातले साईटवर किती आले? 'प्राईस?' लिहून पळणारेच जास्त असतात, हे तुम्हाला पण माहितीय. रीलला माझा विरोध नाही, मी पण टाकतो. पण रील चार दिवसांनी खाली जाते, स्टेटस तर 24 तासात संपतो. आणि माणूस गुगलला 'सांगलीत पूर न येणारा भाग' किंवा 'मिरजेत गुंठेवारी प्लॉट घ्यावा का' असं टाईप करतो तेव्हा त्याला ड्रोन नको असतो, उत्तर पाहिजे असतं. आता गुंठेवारीचंच घ्या, म्हणजे परवानगी न घेता गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून विकलेली जमीन. आपल्या महापालिका हद्दीत निम्म्या लोकांचं डोकं त्यात अडकलेलं. मुळात 2001 चा कायदा, तो 1 जानेवारी 2001 पर्यंतच्या गुंठेवारीला होता, मग 2021 च्या दुरुस्तीनं ती तारीख 31 डिसेंबर 2020 पर्यंत आणली. म्हणजे प्लॉट त्यात बसतो का, नियमितीकरणाचा दाखला झालाय का, हे गिऱ्हाईकानं कुठनं कळून घ्यायचं? हे एकदा नीट लिहून ठेवलं की वर्षभर तीच लिंक पाठवता येते, घसा कोरडा करायला नको.

काका, तुमच्या मुद्द्यावर येतो. सांगलीत पाणी हे काय गुपित आहे का? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी आख्ख्या जिल्ह्याला पाठ आहे, 40 फूट इशारा, 45 फूट धोका, आणि 2019 ला 57 च्या वर गेलं ते पेपरात छापून आलंय. निळी रेषा आणि लाल रेषा नकाशावर आहेत, निळी म्हणजे 25 वर्षांतनं एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतनं एकदा येणारा. बांधकाम परवानगीला त्या लागतातच. लोकांना ते कळणारच आहे. आपण सांगितलं तर निदान आपलं नाव राहतं.

सनद_आहे_का
वकिली करतो म्हणून थोडं. इथं सगळे मार्केटिंगवर भांडताय पण जाहिरात कशाला म्हणायचं हेच विसरलाय. रेरा, म्हणजे बिल्डर-एजंटांवर लक्ष ठेवणारा कायदा, त्यात जाहिरातीची व्याख्या भलतीच रुंद आहे, कुठल्याही माध्यमातनं केलेली कुठल्याही स्वरूपाची प्रसिद्धी त्यात येते. म्हणजे रजिस्टर होणाऱ्या प्रोजेक्टचा स्टेटस, रील, ब्लॉग सगळं आलं. 500 चौरस मीटरच्या वरच्या जागेवर प्लॉटिंगचा लेआउट असेल किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅट असतील तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा नोंदणी नंबर पाहिजे, आणि 1 ऑगस्ट 2023 पासनं जाहिरातीत क्यूआर कोड पण पाहिजे. नोंदणी न करता एजंट म्हणून असल्या प्रोजेक्टमधलं विकलं तर दिवसाला 10 हजार दंड, तो त्या प्लॉट-फ्लॅटच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. 1 जानेवारी 2024 पासनं एजंटाला महारेराच्या परीक्षेचं सर्टिफिकेट पण सक्तीचं. ड्रोनवाले, त्या धामणी रोडच्या रीलवर नंबर होता का हो?

ड्रोनवाला_सांगली
...बघून सांगतो साहेब.

सनद_आहे_का
बघाच. आणि 'एनए प्रपोज्ड', म्हणजे बिगरशेती अजून व्हायचीय, हा शब्द जिथं दिसेल तिथं मी तरी पक्षकाराला खिशात हात घालू देत नाही. सातबारावरचं इतर हक्क बघा, फेरफार बघा, मग बोला. रीसेलचा एखादा जुना फ्लॅट असला तर गोष्ट वेगळी, त्याला प्रोजेक्ट नंबराची भानगड नसते बहुतेक वेळा.

नवीन_एजंट_कुपवाड
मी नुकतीच परीक्षा पास झालेय, नवरा एमआयडीसीत आहे, मी घरातनं हे काम करते. दादा, लिहायचं कसं तेच कळत नाही मला. एआयकडनं लिहून घेतलं तर सुरुवातच 'कृष्णाकाठी वसलेले निसर्गरम्य सांगली शहर' 😅 आणि खाली 'उज्ज्वल भविष्यासाठी योग्य गुंतवणूक'. आमच्या कुपवाडमध्ये निसर्गरम्य काय आहे ते मलाच माहिती नाही.

विश्रामबागकर
ताई, ते पाडून टाका. एआयला तुमच्या गल्लीत दुपारी केमिकलचा वास येतो का ते माहिती नसतं, तुम्हाला असतं, तोच तुमचा माल. सुरुवात अशी करा की गेल्या महिन्यात लोकांनी फोनवर काय काय विचारलं ते वहीत लिहा आणि एका प्रश्नाला एक लेख. हेडिंग त्यांच्याच भाषेत, 'कुपवाडमध्ये 2 बीएचकेचं भाडं किती', असं. सांगली हळदीचं शहर वगैरे पाल्हाळ नको, पहिल्या दोन ओळीत उत्तर द्यायचं. लेखाच्या वर तारीख टाका आणि भाव बदलला की तिथंच बदला, जुना भाव राहिला की माणूस फोनवर भांडतो. फोटो सकाळी काढा, मोबाईल आडवा धरून, आधी कॉट आवरून, संडासाचं झाकण बंद करून (हसू नका, निम्म्या लिस्टिंगमध्ये ते उघडं असतं). बाथरूमचा आणि रस्त्याचा फोटो टाकाच, तो नसला की बाईमाणूस पुढं सरकतच नाही. गुगलवर धंद्याची प्रोफाईल फुकट निघते, खरेदीखत झालं की त्याच दिवशी पेढ्यांबरोबर रिव्ह्यू मागा, आठ दिवसांनी कोण देत नाही. आणि वकीलसाहेब म्हणाले तो तुमचा रेरा नंबर प्रत्येक लेखाखाली.

वासाचं पण लिहा. एमआयडीसीतल्या कामगाराला कामाजवळ घर पाहिजे असतं, तो वास असताना पण येतो. ज्याला नको तो विश्रामबागला बघेल, तेव्हा त्याला माझ्याकडं पाठवा, कमिशन वाटून घेऊ.

पुण्यात_अडकलेला_तासगावकर
ताईंनी लिहिलं की मी वाचणार. मीटर किती उंचीवर आहेत तो फोटो पण टाकत जा.

जुना_खेळाडू_मिरज
सगळं छान चाललंय. पण माझा प्रश्न तसाच राहिला, मालकाचं काय? त्यानं विश्वासानं माल दिला तुझ्याकडं.

विश्रामबागकर
मालकाला आधीच सांगतो काका. लेख एरियावर असतो, त्यात कुणाचा सर्व्हे नंबर नाही, कुणाच्या बिल्डिंगचं नाव नाही. आणि माल घेतानाच बोलतो की गिऱ्हाईकानं विचारो न विचारो, मी पाण्याचं सांगणार, त्याप्रमाणं भाव धरा. काही जण उठून जातात. जाऊ देत.

जुना_खेळाडू_मिरज
उठून जातात ते माझ्याकडंच येतात 😂 बरं ऐक, गावभागात माझ्याकडं एक दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, मालक मुंबईला, लवकर काढायचाय. त्या तासगावच्या पोराच्या आई-वडलांना जमेल. तुझ्या त्या ब्लॉगवर टाक, अर्धं कमिशन तुझं. फक्त पार्किंगमध्ये पाणी आलेलं तेवढं लिहू नको.

विश्रामबागकर
मग राहू दे काका तुमच्याकडंच.

पुण्यात_अडकलेला_तासगावकर
काका, लिफ्टची मोटर वर आहे का खाली? नंबर पाठवा, मी येतो बघायला.