‘फिस्कल कॉन्झर्व्हेटिव्ह’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (कऱ्हाडहून): महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ब्रिटन आणि अमेरिका येथील राजकीय विचारधारांवर टिपण लिहीत असताना या संज्ञेपाशी अडले आहे. ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’साठी पुराणमतवादी, सनातनी, परंपरावादी असे पर्याय दिसतात. परंतु कर कमी असावेत, सरकारने कर्जाच्या आधाराने खर्च करू नये आणि शासनाचे अधिकार मर्यादित असावेत, असे म्हणणाऱ्याला यांपैकी कोणता शब्द लावावा?

उत्तर (सांगलीहून): एकही लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘पुराणमतवादी’ हा शब्द आपल्याकडे सामाजिक सुधारणांच्या वादांतून रुळला. मुलींच्या संमतीचे किमान वय वाढवणाऱ्या १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून झालेले रण त्याला अजून चिकटलेले आहे. तो ऐकताच वाचकाच्या मनात सोवळेओवळे उभे राहते, सरकारी जमाखर्च उभा राहत नाही. विधवाविवाहाचा कट्टर पुरस्कर्ताही सरकारी कर्जाविषयी अत्यंत सावध असू शकतो, आणि त्याला पुराणमतवादी म्हणणे हा त्याच्यावर अन्याय ठरेल.

दुसरे असे की, आपण एका दमात सांगितलेल्या तीन गोष्टी एकाच माणसात नेहमी नांदतात असे नाही, आणि म्हणून एका शब्दात त्या कोंबू नयेत. अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या कारकिर्दीत अमेरिकेतील आयकराचा सर्वोच्च दर ७० टक्क्यांवरून २८ टक्क्यांपर्यंत खाली आला. मात्र १९८१ साली १ लाख कोटी डॉलरच्या आसपास असलेले संघराज्याचे कर्ज १९८९ पर्यंत २.८ लाख कोटींच्या पुढे गेले. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९७९ मध्ये आयकराचा सर्वोच्च दर ८३ वरून ६० टक्क्यांवर आणला, पण त्याच अंदाजपत्रकात मूल्यवर्धित कराचा सर्वसाधारण दर ८ वरून १५ टक्क्यांवर नेला, आणि १९८१ मध्ये ऐन मंदीत, सरकारची उसनवारी आवरण्यासाठी, करांचा बोजा वाढवला. दोघांनाही ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ म्हणतात. मराठीत मात्र पहिल्या भूमिकेला ‘करकपातवादी’ आणि दुसरीला ‘तूटविरोधी’ असे वेगळे शब्द सहज करता येतात, आणि तसे केले तर विद्यार्थ्याला मूळ इंग्रजीपेक्षा अधिक स्पष्ट चित्र मिळेल.

‘तूट’ आणि ‘कर्ज’ यांचीही वर्तमानपत्रांत सरमिसळ होते. पावसाळ्यात कोयना धरणाच्या बातमीत आवक क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट पाणी येते) आणि साठा टीएमसीमध्ये (एकूण किती अब्ज घनफूट पाणी साठले) देतात, आणि आपल्या भागातील शाळकरी मुलालाही तो फरक कळतो. तूट, म्हणजे सरकारचा उत्पन्नापेक्षा जास्त झालेला खर्च, ही त्या वर्षाची आवक आहे आणि कर्ज हा साठलेला साठा. आवक निम्म्यावर आली तरी साठा वाढतच राहतो; म्हणून ‘तूट घटली’ या वाक्याचा अर्थ ‘कर्ज घटले’ असा होत नाही. धरणाला १०५ टीएमसीची सीमा आहे. कर्जाला तशी सीमा कायद्याने घालावी लागते, आणि २००३ चा वित्तीय उत्तरदायित्वाचा केंद्रीय कायदा त्याच हेतूने झाला.

आता ‘मर्यादित’. सांगली-साताऱ्यात हा शब्द पतसंस्थांच्या आणि सहकारी संस्थांच्या पाट्यांवर रोज दिसतो, आणि तेथे त्याचा अर्थ सभासदाचे दायित्व त्याच्या भागापुरते मर्यादित आहे, असा होतो. ‘मर्यादित शासन’ असे लिहिले की वाचकाला लहान आकाराचे शासन वाटते. मूळ कल्पना आकाराची नसून सीमेची आहे. आपल्या संविधानाच्या २६५ व्या अनुच्छेदानुसार कायद्याचा आधार असल्याशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येत नाही; हे बंधन शासन कितीही विस्तारले तरी टिकते. म्हणून मी ‘मर्यादाबद्ध शासन’ असे लिहितो. शब्द थोडा जड आहे, पण दिशाभूल करीत नाही.

शंका (वाईहून): इतके शब्द घडवण्यापेक्षा ‘काटकसरी’ हा घरचा शब्द का चालू नये?

उत्तर (सांगलीहून): मलाही तो प्रिय आहे, परंतु काटकसर हा स्वतःच्या पैशाबाबतचा गुण आहे. येथे प्रश्न दुसऱ्याच्या पैशाचा आहे. राज्याकडे करदात्यांच्या पैशाखेरीज स्वतःचा असा पैसा नसतो, हे थॅचर यांनी १९८३ मध्ये आग्रहाने मांडले होते, आणि या विचाराचा गाभा तोच आहे. आपल्या ‘पट्टी’ या शब्दात ही जाणीव शिल्लक आहे. गावच्या यात्रेची पट्टी, पाणीपट्टी, घरपट्टी यांत देणाऱ्याला आपण कशासाठी देतो हे ठाऊक असते. आणि मार्केट यार्डात अडत्याकडून मिळणारी पट्टी म्हणजे तर चक्क हिशेबाचा कागद. ‘कर’ या शब्दात तो हिशेब उरला नाही.

याच कारणासाठी ‘अर्थसंकल्प’ या शब्दाबद्दल माझी तक्रार आहे. संविधानाचा ११२ वा अनुच्छेद अंदाजित जमा आणि खर्चाच्या वार्षिक विवरणपत्राविषयी बोलतो. ‘अंदाजपत्रक’ हा जुना शब्द, जो नगरपालिकांत आजही चालतो, त्याच्याशी तंतोतंत जुळतो. संकल्प सोडणारा यजमान आपल्या पदरचे द्रव्य खर्च करतो; मंत्री तसे करीत नाही.

कऱ्हाडच्या प्रश्नकर्त्यांना एक उदाहरण सुचवतो. देवराष्ट्रे येथे जन्मलेले यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना १९७१ च्या अंदाजपत्रकाने आयकराचा सर्वोच्च सीमांत दर अधिभारासह ९७.७५ टक्के झाला, आणि १९७४ मध्ये त्यांनीच तो ७७ टक्क्यांवर आणला. मिळकतीच्या वरच्या टप्प्यात शंभरातील सव्वादोन रुपये कमावणाऱ्याकडे उरत होते. टिपणात ‘कर आकारला’, ‘कर बसवला’ आणि ‘कर लादला’ ही तीन क्रियापदे या एकाच दरापुढे लावून दाखवावीत आणि कोणती भूमिका कोणते क्रियापद निवडील, हे विद्यार्थ्यांना विचारावे. मी स्वतः तिसरे निवडीन.