ई. कोलाय यीस्टला चिकटत नाही, मग 'फिमएच नाही' असं लिहायचं का?

मृदुला_बडोदे: एमएस्सी मायक्रोचा प्रकल्प, लघवीच्या नमुन्यांतून वेगळे काढलेले ई. कोलायचे 8 वाण (आयसोलेट). टाइप 1 पिली (जिवाणूवरचे केसासारखे धागे; त्यांच्या टोकाचं फिमएच हे प्रथिन यीस्टवरच्या मॅनोज साखरेला धरतं) बघायला न्यूट्रिअंट अगारवरची वाढ पीबीएसमध्ये (खारट बफर द्रावणात) मिसळून स्लाइडवर बेकरी यीस्टसोबत ठेवते. सहांत काहीच होत नाही. दोनांत गुठळ्या होतात, पण मॅनोज घालूनही सुटत नाहीत.

पिलीवाला: इतक्यात लिहू नका. दोष अगारचा आहे. या पिली बनवणाऱ्या फिम जीनगटाचा प्रमोटर (जीन चालू करणारा भाग) 314 बेसजोड्यांच्या तुकड्यावर बसलेला असतो आणि तो तुकडा उलटसुलट फिरतो. अगारवर बहुतेक पेशींत तो 'बंद' दिशेला असतो. जिवाणू घातलेलं 10 मिली ब्रॉथ (द्रव माध्यम) 37 अंशांवर न हलवता 48 तास ठेवा, त्यातलं 10 मायक्रोलिटर ताज्या ब्रॉथमध्ये घालून पुन्हा 24 तास. शेकर नको. आणि इन्क्युबेटरच वापरा, मे महिन्यातल्या वडोदऱ्यात 'रूम टेंपरेचर'ला काही अर्थ नसतो. पेलेट (सेंट्रिफ्यूज केल्यावर तळाशी बसलेले जिवाणू) हलक्या हाताने मिसळा, जोरात व्हॉर्टेक्स केलं की पिली तुटतात. जिवाणू दाट हवेत, दुधाळ दिसतील इतके. यीस्ट 1 टक्का.

सूक्ष्म_सदाशिव: त्या दोनांसाठी आधी नुसते जिवाणू आणि पीबीएस, यीस्टविना, बघा. तरीही गुठळ्या झाल्या तर ते आपापसातच चिकटताहेत, यीस्टचा संबंध नाही. मग बाटलीवरचं लेबल वाचा: डी-मॅनोजच आहे ना? शेजारीच मॅनिटॉल ठेवलेलं असतं आणि ते फिमएचला अडवत नाही. पी पिलीचा (पिलीचा दुसरा प्रकार) संशय असेल तर यीस्ट कामाचं नाही. त्यांच्या टोकाच्या पॅपजी प्रथिनाला गॅलॅक्टोज-गॅलॅक्टोज जोडी लागते. ती मानवी तांबड्या पेशींवर आणि मूत्रपिंडात असते, म्हणून ती चाचणी मानवी रक्तावर, मॅनोज घालून करा.

पिलीवाला: मॅनोज गुठळ्या झाल्यावर घालता का? 2 टक्के मॅनोज जिवाणूंत आधी मिसळा, 5 मिनिटं थांबा, मग यीस्ट. फिमएचची पकड ओढ बसली की घट्ट होते: त्याचे दोन भाग एकमेकांपासून दूर जातात आणि मॅनोजचा खिसा आवळतो. मूत्राशयात युरोप्लाकिन 1ए या अस्तरावरच्या प्रथिनावरील मॅनोजला ते असंच धरतं, लघवीच्या धारेतही सुटत नाही. म्हणूनच स्लाइड स्थिर ठेवू नका, गोल फिरवत राहा. दुसऱ्या स्लाइडवर मॅनोजऐवजी ग्लुकोज. तिथे गुठळ्या व्हायलाच हव्यात.

सूक्ष्म_सदाशिव: पीसीआरवरही (जीन आहे का ते शोधणाऱ्या चाचणीवरही) विसंबू नका. फिमएच जीन जवळपास प्रत्येक ई. कोलायमध्ये सापडतो. अहवालात 'या परिस्थितीत टाइप 1 पिली व्यक्त झाल्या नाहीत' एवढंच लिहा.