सीओईपीतून निघालो, कुठे पोचलो?

पुण्याच्या अभियांत्रिकी कॉलेजच्या, म्हणजे सीओईपीच्या, आमच्या बॅचच्या मेळाव्यात ओळख करून देताना एक मित्र म्हणाला, "मी सांगलीकडे हळद पिकवतो." पुढचा तासभर सगळे त्यालाच प्रश्न विचारत होते. म्हणून हा धागा. पद आणि पगार राहू दे, रोजचं काम सांगा.

सुरुवात मी करतो. सिव्हिल, १९८७. पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं. विश्वेश्वरय्या १८८३ साली आपल्याच कॉलेजातून बाहेर पडले आणि नाशिकला नोकरीला लागले. १९०३ साली खडकवासल्याला त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की ते आपोआप उघडायचे आणि उतरलं की मिटायचे. आमच्या धरणावर मात्र रात्री दोनला फोन यायचा, "साहेब, पातळी चढतेय, किती उचलू?" खालच्या गावांना निरोप पोचल्याशिवाय मी दरवाजा उचलू दिला नाही. आणि उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याला पाण्याची पाळी, सुटलं की टेलला, कालव्याच्या शेवटच्या टोकाला, जाऊन उभा राहायचो. शेवटच्या चारीत पाणी आलं की पाटकऱ्याबरोबर चहा घेऊनच परतायचो.

मेकॅनिकल, १९९४. भोसरीत लेझर कटिंगचं वर्कशॉप आहे. पहिलं मशीन घेतलं ते कार्बन डायऑक्साइड लेझरचं. त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाही, फक्त पत्रा कापला जाताना दिसतो. नळीत नायट्रोजनही असतो. विजेची ऊर्जा तो झेलतो आणि कार्बन डायऑक्साइडच्या हवाली करतो. हा लेझर १९६४ साली बेल लॅब्जमध्ये ज्यांनी बनवला ते कुमार पटेल जन्माने बारामतीचे, १९५८ चे सीओईपीयन. हे मला मशीन घेतल्यावर कळलं. त्या रात्री घरी जाऊन आईला सांगितलं. तिचं माहेर बारामतीचं.

मेकॅनिकल, १९८१. वर्गात आम्ही दोघीच मुली. वर्कशॉपमध्ये फायलिंग, म्हणजे कानशीने लोखंड घासणं, करून हाताला फोड आले, पण जॉब, म्हणजे घासायला दिलेला तुकडा, काटकोनात बसला. लीला पूनावाला १९६७ साली इथूनच मेकॅनिकल झाल्या आणि पुढे अल्फा लावल इंडियाच्या अध्यक्षा झाल्या. बाबा नातेवाइकांना हेच उदाहरण द्यायचे. मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवलं. मुलींच्या हातात कानस मी स्वतः दिली.

इलेक्ट्रिकल, २००३. नाटकांची प्रकाशयोजना करतो. फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तालमीत डिमर, म्हणजे दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करायचं यंत्र, हातात आला, तो सुटलाच नाही.

मेटलर्जी, १९८७. हळदवाला तो मीच. वडील काहिलीत हळद शिजवायचे, मी वाफेचा कुकर आणला. पोलाद किती तापवायचं आणि किती वेळ धरायचं हे चार वर्षं शिकलो होतो, इथेही तोच प्रश्न होता. कमी शिजली तर वाळायला वेळ लागतो, जास्त शिजली तर रंग जातो. तापमापक लावलाय, तरी शेवटी वडिलांसारखीच काडी टोचून बघतो. आरपार गेली की वाफ बंद. फेब्रुवारीत काढणी असते, कुणीही या. राहायला जागा आहे.