बाबांना बोलायचंय आणि आम्ही बोलू देत नाही, मदत हवी आहे

नमस्कार, भांडुपला राहतो आम्ही. बाबा ७१ वर्षांचे, फुफ्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज, लिव्हरपर्यंत गेलाय. केमो थांबवून महिना झाला. दुखणं मॉर्फिनच्या गोळ्यांनी आटोक्यात आहे, तो प्रश्न नाहीये.

परवा रात्री मी बाबांचे पाय चेपत होते तर म्हणाले, "गणपतीला मी असेन का गं?" आणि माझ्या तोंडून पटकन निघालं, काहीतरीच काय बोलता बाबा, बरे होणार तुम्ही. ते गप्प झाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. ८२च्या संपात गिरणी सुटली तेव्हापण न रडलेला माणूस, त्यांनी एवढं विचारलं आणि मी तोंड बंद केलं त्यांचं. आई विषय निघाला की देवघरात जाऊन बसते, दादा फोनवर फक्त रिपोर्ट विचारतो, नातेवाईक "पॉझिटिव्ह राहा" सांगून चहा पिऊन जातात. वांद्र्याच्या शांती अवेदना सदनचं नाव काढलं, शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर पेशंटना ठेवून घेऊन काळजी घेणारी जागा, १९८६ पासून आहे, पैसे घेत नाहीत, तर आईला वाटलं मी बाबांना टाकायला निघालेय.

मराठीतून बोलणारं, घरी येणारं कोणी आहे का? आणि बाबांनी परत विचारलं तर काय बोलू?

प्रतिसाद: ताई, परत विचारतील याची वाट बघू नका. तुम्हीच म्हणा, बाबा परवा मी तुम्हाला मध्येच थांबवलं, काय म्हणत होता? उत्तर द्यायची घाई नको, "तुम्हाला काय वाटतं" एवढं विचारून बसून राहा. माझी आई दीड तास बोलली, तेही पाटल्या कोणत्या सुनेला द्यायच्या यावर. पेशंट टाटा हॉस्पिटलचा असेल तर तिथल्या पॅलिएटिव्ह विभागाची (आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारा विभाग) होमकेअर टीम ठरावीक भागात घरी येते, ओपीडीत विचारा. पालकेअर ही अशीच काळजी देणारी संस्था आहे, तेही मुंबईत घरी येतात. आणि तुम्हाला रात्री असह्य झालं तर टेलिमानस ही मानसिक आधाराची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

धागाकर्ती: आज विचारलं. आधी बराच वेळ काही नाही, मग गावच्या घराच्या सातबाऱ्यावर बोलले, मग म्हणाले तुझ्या आईला एकटं झोपायची सवय नाही. आई दाराशी उभी राहून ऐकत होती. उद्या तिलाही शेजारी बसवते. बाबा टाटाचेच पेशंट आहेत, भांडुपपर्यंत येते का ती टीम, कोणाला अनुभव?